टोरांटोच्या वॉर्डांत सार्सनंतर

२००३ मध्ये सार्स हा श्वसनाचा संसर्गजन्य आजार कॅनडातल्या टोरांटोत पोहोचला. कॅनडात त्याने ४४ बळी घेतले. आजार पसरला तो मुख्यतः रुग्णालयांतूनच, त्यामुळे बाधितांत परिचारिका, डॉक्टर आणि वॉर्डातले इतर कर्मचारी मोठ्या संख्येने होते. काही महिन्यांत साथ ओसरली. पण तिथले मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट माँडर आणि त्यांचे सहकारी वर्ष-दोन वर्षांनी त्याच कर्मचाऱ्यांकडे प्रश्नावली घेऊन गेले. तुलनेसाठी जवळच्याच हॅमिल्टनमधली, सार्सचे रुग्ण न पाहिलेली रुग्णालयं निवडली. एकूण ७६९ जणांनी उत्तरं दिली. टोरांटोत बर्नआउट जास्त निघाला, आणि तोही साथ संपून इतका काळ गेल्यावर.

बर्नआउट म्हणजे चार रात्रपाळ्यांचा शिणवटा नव्हे. तसा शिणवटा सुट्टीने जातो, बर्नआउट जात नाही. मानसशास्त्रज्ञ ख्रिस्टिना मास्लाक यांच्या १९८१ च्या बर्नआउटच्या मोजपट्टीत तीन गोष्टी पाहतात: मन पार पिळून निघणं, समोरच्या रुग्णाबद्दल कोरडेपणा येणं आणि आपल्या हातून काही चांगलं होतंय हा विश्वासच उडणं.

मग एकाच वॉर्डात, तेच मास्क लावून काम केलेल्या दोघींपैकी एक सावरते आणि दुसरी खचते, हे कसं? माँडर यांच्या गटाने बालपणाबद्दलही विचारलं. सुमारे दोन-तृतीयांश जणांनी मार, छळ, घरातलं व्यसन अशी निदान एक तरी प्रतिकूल गोष्ट सांगितली. ज्यांनी सांगितली त्यांच्यात मानसिक त्रास आणि आजारपणाच्या रजाही जास्त होत्या.

दोन-तृतीयांश हा आकडा ऐकून दचकायला होतं. पण व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा या डॉक्टरांनी १९९५ ते ९७ दरम्यान अमेरिकेतल्या सॅन डिएगोत १७,००० हून अधिक लोकांना असेच प्रश्न विचारले, तेव्हाही प्रमाण जवळपास तेवढंच आलं होतं. ते लोक बहुतांश गोरे, शिकलेले, आरोग्य विमा असलेले होते.

संकट दिसलं की मेंदूतून निघालेला निरोप एड्रेनल ग्रंथींपर्यंत जातो, कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं आणि धोका टळला की मेंदूच ते आवरतं. लहानपणी धोका घरातच, रोजचाच असेल तर हे आवरणं बिघडतं. काहींची यंत्रणा सदा सावध राहते, काहींची उलट मंदावते. पुढे आयुष्यात तुलनेने लहान धक्काही अशांना जास्त लागतो. माँट्रियलचे संशोधक मायकेल मीनी यांनी दाखवलं की ज्या उंदरांना आई खूप चाटते त्यांच्या मेंदूत ताणाचं संप्रेरक ओळखणारे रिसेप्टर जास्त असतात आणि मोठेपणी ते कमी बिथरतात. उंदरावरून माणसाबद्दल बोलताना जपूनच बोलावं. प्रश्नावल्यांनाही मर्यादा आहेच: आज खचलेल्या माणसाला बालपणही अधिक काळवंडलेलं आठवू शकतं.

आता एखाद्या व्यवस्थापकाला वाटेल, भरतीच्या वेळीच बालपण विचारून घेऊ. खुद्द अँडा यांनीच २०२० मध्ये असा एकेकट्याचा अंदाज बांधण्याविरुद्ध लिहिलं. बालपणी किती प्रकारच्या प्रतिकूल गोष्टी घडल्या हे मोजून काढलेला गुणांक मोठ्या समूहांसाठी ठीक आहे, एकट्या माणसाचं भाकीत त्यावरून करता येत नाही. एखाद्या प्रकारचा अनुभव मोजकेच दिवस आला की वर्षानुवर्षं, हे त्यात कळतच नाही. मला तर यात दुसराच धोका दिसतो: खचलेल्या परिचारिकेचं खापर तिच्या आईबापांवर फोडून रुग्णालय मोकळं होईल.

कारण टोरांटोच्या पाहणीत आणखी एक निष्कर्ष होता. पुरेसं प्रशिक्षण आणि पाठबळ मिळालं असं ज्यांना वाटत होतं, त्यांचं नुकसान कमी झालं. कुणाचं बालपण आता बदलता येणार नाही, हे मात्र देता येतं.

आपल्याकडे असं पाठबळ मागावं लागलं. जून २०२१ मध्ये, कोविडची दुसरी लाट ओसरत असताना, महाराष्ट्रातल्या सुमारे ७०,००० आशाताई संपावर गेल्या. घरोघरी जाऊन रुग्ण शोधण्याचं काम त्यांच्याकडे होतं. मागण्या होत्या वाढीव मानधनाच्या आणि सुरक्षासाधनांच्या. आठवडाभराने संप मिटला तेव्हा दरमहा १,००० रुपये वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता मान्य झाला होता.