अवतार, आभासी जगातील : लिंगभाव व देहप्रतिमा

संगणकीय खेळात किंवा आभासी जगात वापरणाऱ्याच्या वतीने वावरणारी चित्राकृती. संस्कृत अव + तॄ (खाली उतरणे) यापासून हा शब्द झाला. पडद्यावरच्या आकृतीला तो प्रथम कोणी लावला याबद्दल मतभेद आहेत. 1979 च्या सुमारास प्लेटो या संगणकजालावर ‘अवतार’ नावाचा खेळ होता. 1985 च्या ‘अल्टिमा 4’ या खेळात ती सद्गुणांनी मिळवायची पदवी होती. आजच्या अर्थाचे श्रेय मात्र लुकासफिल्मच्या ‘हॅबिटॅट’ या आभासी जगाचे (1986 च्या सुमारास) रचनाकार चिप मॉर्निंगस्टार व रँडी फार्मर यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते. 1992 च्या एका इंग्रजी विज्ञानकादंबरीने शब्द सर्वतोमुखी केला, इतकेच.

मराठीत त्याची एक छटा जुनीच आहे. बेळगाव-खानापूरकडे केस पिंजारलेली मुलगी घराबाहेर निघाली की आई दारातच अडवते, “काय गे हा अवतार तुझा!” दिसण्यावरचा शेरा या शब्दात आधीपासून होता, इंग्रजीची वारी करून शब्द परतला तेव्हा तो शेरा तेवढा गळलेला होता.

‘सेकंड लाइफ’ या आभासी जगात (2003) उंची, छाती, कंबर सरकपट्टीने ठरवता येते. संशोधक निक यी व जेरेमी बेलेन्सन यांनी 2007 मध्ये मांडलेल्या ‘प्रोटियस परिणामा’नुसार घेतलेले रूप वागणुकीतही उतरते : उंच आकृती मिळालेले वाटाघाटीत अधिक ताठर राहिले, देखणी मिळालेले परक्याच्या अधिक जवळ गेले. पुढील प्रयोगांत, उत्तान वेशातील आकृती वापरणाऱ्या स्त्रियांच्या मनात स्वतःच्या शरीराविषयीचे विचार वाढलेले दिसले.

सीमाभागाला वेशांतर नवे नाही. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर (1843–85) यांच्या नाटक मंडळीत भाऊराव कोल्हटकर स्त्रीभूमिका करीत. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या साडी नेसणाऱ्या जोगत्यांशी (कन्नड : जोगप्पा) अवताराची तुलना करण्याचा मोह होतो, ती सैल आहे. जोगत्याचा वेश देवीला वाहिलेला असतो, खेळापुरता नव्हे.

पुरुषांनी स्त्री-आकृती घेण्याचे प्रमाण उलट प्रकारापेक्षा सामान्यतः अधिक आढळते. सप्टेंबर 2020 मध्ये पबजी मोबाइल या गटाने खेळायच्या नेमबाजीच्या खेळावर भारतात बंदी आली व 2021 मध्ये त्याची भारतीय आवृत्ती बीजीएमआय आली. अशा खेळांत आकृतीपेक्षा आवाज महत्त्वाचा ठरतो. स्त्री-आकृती घेतलेल्या मुलाला कोणी हटकत नाही, मुलीने माइक सुरू केला की “कुठली तू?” सुरू होते. म्हणून काहीजणी माइक बंद ठेवतात, काही पुरुष-आकृती घेतात.