बारावीवर परदेशात इंग्रजी शिकवायला जायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि एजंट

खेड-दापोली-चिपळूणच्या पट्ट्यात परदेशी जाणं नवं नाही, दोन-चार घरांआड कुणीतरी कुवेतला किंवा मस्कतला असतंच. हल्ली मात्र मुलं-मुली वेगळं विचारतात: "बारावी झालेय, इंग्रजी बरं आहे, डिग्री नाही. तिकडे शिकवायला घेतील का?"

घेतात, पण मोजक्याच ठिकाणी. आणि घोडं नुसत्या डिग्रीवर अडत नाही, पासपोर्ट कोणत्या देशाचा आहे यावरही अडतं. दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकांचा ई-2 व्हिसा मुळात अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या 7 देशांच्या नागरिकांसाठी आहे. 2010 पासून लागू झालेल्या भारत-कोरिया व्यापार करारामुळे भारतीयांना सरकारी शाळांत सहायक शिक्षक म्हणून वाव मिळाला, तोही पदवी आणि शिक्षकाची पात्रता असेल तरच. चीन आणि थायलंडचे नियमही पदवीधरांसाठीच. या तिन्ही देशांची "डिग्री नको" अशी जाहिरात दिसली तर तिच्यामागे धावू नका.

उरतो मुख्यतः कंबोडिया. तिथल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय शाळा पदवी मागतात, पण खाजगी भाषावर्ग बारावी, टेफल (परक्या भाषिकांना इंग्रजी शिकवण्याच्या कोर्सचं) प्रमाणपत्र आणि डेमो तास यांवरही घेतात. गोऱ्या उमेदवाराला झुकतं माप मिळतं, हे मात्र गृहीत धरून चला. टेफल किमान 120 तासांचं घ्या. केंब्रिजचं सेल्टा हे त्याच प्रकारचं प्रमाणपत्र महाग, पण वजनदार. त्यालाही पदवीची अट नाही. 18 वर्षं पूर्ण हवीत आणि कोर्समध्ये 6 तास खऱ्या विद्यार्थ्यांसमोर शिकवावं लागतं.

आता कागद. 36 पानी पासपोर्टला 1500 रुपये. पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट पासपोर्ट सेवेच्याच संकेतस्थळावरून, 500 रुपये. सगळ्यात जास्त खोळंबा होतो तो नावाचा. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं, आधारवर उलटं, आणि स्पेलिंग दोन्हीकडे निराळं. टेफलच्या प्रमाणपत्रावर नाव पासपोर्टप्रमाणेच छापून घ्या, नाहीतर पुढे प्रतिज्ञापत्रं करत बसावं लागतं. बारावीच्या कागदांचं प्रमाणीकरण तिथल्या शाळेने लेखी मागितलं तरच करा. आधी राज्य शासन, मग परराष्ट्र मंत्रालय, मग दूतावास, अशी ती वाट लांबलचक आहे.

कंबोडियाचा व्हिसा 'ई' वर्गाचाच घ्यायचा. तो 35 डॉलरचा, सुरुवातीला 30 दिवसांचा, आणि नोकरीच्या पत्रावर तिथेच वर्षापर्यंत वाढतो. पर्यटक व्हिसा 5 डॉलरनी स्वस्त, पण तो एकदाच, महिनाभर वाढतो. कामाचा परवाना वेगळा काढावा लागतो. तो कोण काढणार, खर्च कुणाचा, हे निघण्याआधीच पत्रात लिहून घ्या.

एक गोष्ट आपल्याकडे कुणी सांगत नाही. आखाती देश भारत सरकारच्या 18 देशांच्या यादीत आहेत. दहावी न झालेला कामगार तिकडे निघाला की सरकारी मंजुरी लागते, करार तपासला जातो. कंबोडिया या यादीत नाही, आणि दहावी पास असलात तर तुम्हाला ती मंजुरी लागतच नाही. सोय आहे खरी, पण तुमचा करार तुमच्याशिवाय कुणीच वाचत नाही. ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांत अडकलेल्या सुमारे 250 भारतीयांना कंबोडियातून सोडवल्याचं परराष्ट्र मंत्रालयाने मार्च 2024 मध्ये सांगितलं होतं. तेही चांगल्या नोकरीच्या आशेनेच गेले होते.

म्हणून एजंटचा नोंदणी क्रमांक भारत सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि वर जीएसटी, एवढंच घेता येतं. शाळेच्या माणसाशी व्हिडिओ कॉल करा, वर्ग दाखवायला सांगा. टाळाटाळ झाली तर तिकीट काढू नका. सगळ्या कागदांच्या प्रती घरी ठेवून जा, नोम पेन्हमधल्या भारतीय दूतावासाचा नंबर आईच्याही फोनमध्ये टाका. आणि "सांभाळायला" म्हणून कुणीही मागितला तरी पासपोर्ट हातातून सोडू नका.