बेअरिंगचे ठोके आणि कारखान्यातलं एआय

पुरवण्यांमध्ये हल्ली एक वाक्य हमखास भेटतं : कारखान्यातली यंत्रं आता स्वतः विचार करू लागली आहेत. शेजारी चकचकीत रोबोटचा फोटो. खरं तर रोबोट आणि विचार बरीच वर्षं एकमेकांना ओळखतही नव्हते. १९६१ साली न्यू जर्सीतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात 'युनिमेट' हा यांत्रिक हात कामाला लागला, तो पाठ करून दिलेल्या हालचालींवर. १९८० च्या सुमारास डिजिटल इक्विपमेंट या कंपनीत 'एक्सकॉन' आला. ग्राहकाच्या ऑर्डरप्रमाणे संगणकाचे कोणते भाग जोडायचे हे तो ठरवायचा, पण त्याच्यामागे माणसांनी लिहिलेले हजारो नियम होते. नवं मॉडेल आलं की नियम पुन्हा लिहा! नोंदींवरून आपलं आपण शिकणारी प्रणाली शॉप फ्लोअरवर रुळली ती नंतर, आणि तिथं तिचं एक मोठं काम फोटोत न येणारं आहे : बेअरिंग, म्हणजे फिरत्या दांड्याला (शाफ्टला) आधार देणारी छर्‍यांची कडी, कधी जाणार, हे आधी सांगणं.

यात एक गैरसमज आड येतो. भाग जुना झाला की बिघडतो, म्हणून ठरलेल्या तासांनी बदलून टाकावा, असं आपण धरून चालतो. १९७८ साली युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी विमानांच्या भागांचा अहवाल दिला. त्यात वयानुसार बिघाड वाढत जाण्याचा स्पष्ट कल फक्त ११ टक्के भागांत दिसला. बेअरिंग झिजते हे खरं, पण कधी झिजेल याला धरबंध नाही. कॅटलॉगमधलं आयुष्य म्हणजे शंभरातल्या दहा बेअरिंग्ज जाईपर्यंतचा काळ; निम्म्या जायला त्याच्या चार-पाचपट वेळ लागतो. म्हणजे तारीख बघून बदलणारा बहुतेक वेळा धडधाकट बेअरिंगच भंगारात टाकतो.

मुरलेला फिटर तारीख बघत नाही. तो स्क्रू ड्रायव्हरचं टोक हाउसिंगवर, म्हणजे बेअरिंगभोवतीच्या कवचावर, टेकवतो, मूठ कानामागच्या हाडाला लावतो आणि ऐकतो. त्याला जे ऐकू येतं त्यामागचं गणित मला फार आवडतं, त्यामुळे इथं जरा थांबू.

६२०५ नंबरची साधी बेअरिंग घ्या. आत ९ छर्रे. बाहेरची कडी, म्हणजे रेस, घट्ट बसलेली, आतली शाफ्टबरोबर फिरते. छर्रा दोन्हींच्या मध्ये घरंगळतो. बाहेरच्या बाजूला त्याचा वेग शून्य, आतल्या बाजूला रेसइतका, म्हणून मध्यबिंदूचा वेग बरोबर निम्मा. शिवाय मध्यबिंदूचं वर्तुळ आतल्या रेसपेक्षा मोठं. त्यामुळे शाफ्टचा एक फेरा होईपर्यंत छर्‍यांचा ताफा निम्म्याहूनही कमी, म्हणजे ०.३९८ फेरा पुढे सरकतो. आता बाहेरच्या रेसवर एक बारीक खड्डा पडला असेल, तर दर फेर्‍याला त्यावरून ९ × ०.३९८, म्हणजे ३.५८ छर्रे जाणार. खड्डा आतल्या रेसवर असेल, तर ५.४२. दोन्हींची बेरीज ९! मोटार मिनिटाला १७९७, म्हणजे सेकंदाला सुमारे ३० फेरे घेत असेल, तर पहिल्या बाबतीत सेकंदाला १०७ ठोके आणि दुसर्‍या बाबतीत १६२. छर्रे थोडे घसरतात, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा किंचित इकडेतिकडे होतो, एवढंच.

पण नुसता १०७ चा सूर शोधला तर तो यंत्राच्या गोंगाटात सापडत नाही. प्रत्येक ठोक्याला हाउसिंग सेकंदाला काही हजार कंपनांनी, म्हणजे तितक्या हर्ट्‌झला झणझणतं आणि लगेच शांत होतं. देवळात घंटेचा सूर कोणता हे न पाहता टोल किती पडले ते मोजावेत, तसं इथं करतात : उच्च वारंवारतेचा पट्टा वेगळा काढायचा, त्याची वरची रूपरेषा घ्यायची आणि त्या रूपरेषेचं फूरिए विश्लेषण करायचं, म्हणजे तिच्यात कोणत्या वारंवारता आहेत ते पाहायचं. मग १०७ ला सुळका उभा राहतो. आतल्या रेसचा खड्डा शाफ्टबरोबर भाराखाली येतो-जातो, म्हणून १६२ च्या दोन्ही बाजूंना ३०-३० हर्ट्‌झ अंतरावर लहान सुळके दिसतात. इथपर्यंत एआयचा पत्ताही नाही, हे लक्षात आलं असेल.

एआय येतं ते पुढे : हजारो सेन्सर, बदलते वेग, बदलता भार, आणि प्रत्येक आलेख पाहायला माणूस नाही. अमेरिकेतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाने ६२०५ वरच घेतलेल्या कंपनांच्या नोंदी सर्वांसाठी खुल्या आहेत. त्यावर ९९ टक्के अचूकतेचे दावे पैशाला पासरी. त्यातली मेख अशी की तिथले खड्डे विजेच्या ठिणग्यांनी (स्पार्क इरोजनने) मुद्दाम पाडलेले आहेत, सर्वांत लहान ०.१८ मिलिमीटर व्यासाचा. शिवाय अनेक जण एकाच रेकॉर्डिंगचे तुकडे करून काही शिकवायला आणि काही परीक्षेला वापरतात. मॉडेल बिघाड ओळखायला शिकलं की ती एक विशिष्ट बेअरिंग पाठ केली, हे त्यातून कळत नाही. दुसर्‍या यंत्रावर नेलं की अचूकता घसरते.

भोसरी-चाकणच्या शॉपमध्ये खंडेनवमीला यंत्रं पुसून, तेलपाणी करून फुलं वाहतात. त्यातलं पुसणं आणि तेलपाणी नक्की कामाचं आहे. कंट्रोल पॅनेलवरच्या लिंबू-मिरचीने मात्र बेअरिंग वाचत नाही, आणि त्याच जागी लावलेल्या 'एआय-युक्त' स्टिकरनेही नाही.

खरी अडचण आणखी साधी आहे. बिघाडाची उदाहरणं मिळवायची तर बेअरिंग्ज जाऊ द्यायला हव्यात, आणि कुठला मालक ते होऊ देईल? म्हणून अनेक ठिकाणी उलटा रस्ता धरतात : मॉडेलला फक्त धडधाकट यंत्राची कंपनं शिकवायची. नंतर येणारी कंपनं त्याला जशीच्या तशी पुन्हा रचता आली नाहीत की इशारा. पण हा इशारा फक्त 'काहीतरी बदललंय' एवढंच म्हणतो. यंत्रावरचा जॉब (बनवायचा भाग) बदललेला असेल, पायाचा बोल्ट ढिला असेल, शेजारी नवा प्रेस बसवलेला असेल. खोटे इशारे फार झाले की ऑपरेटर अलार्म बंद करून ठेवतो, आणि त्यात त्याचं चुकतं असं मला वाटत नाही. म्हणून इशार्‍याबरोबर रूपरेषेचा आलेख आणि शाफ्टचा वेग दाखवणारी प्रणाली असेल तरच घ्यावी. ६२०५ मध्ये सुळका वेगाच्या ३.५८ पटीवर असला तर बाहेरची रेस, ५.४२ पटीवर असला तर आतली, आणि दोन्हीकडे काहीच नसलं तर आधी पान्याने बोल्ट तपासायचे.