लगूनमधलं पाणी बाहेर कुठून जातं?

माझा भाचा गेल्या वर्षी रामेश्वरमला जाऊन काईटसर्फिंग शिकून आला आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात मॉरिशस आहे. परवा त्याने अख्खा प्लॅन पाठवला, मुंबईहून थेट विमान, मग बेटाच्या नैऋत्य टोकाला ल मोर्नला आठ दिवस, आणि शेवटी लिहिलेलं, "मामा, टेन्शन नको घेऊस, लगून आहे, लाटा बाहेरच्या बाहेर फुटतात, आत स्विमिंग पूलच असतो." हे स्विमिंग पूलचं वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की शेवटी म्हटलं एकदा नीट लिहूनच काढावं.

वाऱ्याचा अभ्यास मात्र त्याने चांगला केलाय. काईट म्हणजे सात ते बारा चौरस मीटरचा पतंग, वीस-बावीस मीटरच्या दोऱ्या, पायाखाली बोर्ड. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे १५ नॉटचा (ताशी सुमारे २८ किलोमीटर) वारा २५ नॉट झाला की ओढ दीडपट नाही, जवळजवळ पावणेतीनपट होते, म्हणून लोक एकाऐवजी दोन-तीन मापांचे काईट घेऊन जातात. आणि वारा हवा असेल तर जून ते सप्टेंबर हेच महिने, कारण तेव्हा दक्षिण गोलार्धात हिवाळा असतो आणि मॉरिशसच्या दक्षिणेला समुद्रावर मस्कारीन हाय नावाचा जास्त दाबाचा पट्टा तगडा होतो. तिथून निघालेले आग्नेय व्यापारी वारे मॉरिशसवरून जातात, आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडतात, पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळतात आणि नैऋत्य मोसमी वारे होऊन सह्याद्रीवर आदळतात. म्हणजे जुलैत ल मोर्नला ज्या प्रवाहात काईट उभा राहतो त्याच प्रवाहाच्या दुसऱ्या टोकाला आपल्या घाटात पाऊस कोसळत असतो. मला हे दर पावसाळ्यात आठवतं आणि दर वेळी तितकाच आनंद होतो.

पण आजचा विषय वारा नाही, पाणी आहे.

मॉरिशसभोवती जवळजवळ सगळीकडे प्रवाळाची भिंत आहे, रीफ. (दक्षिणेला ग्री-ग्रीजवळ ती नाही, तिथे समुद्र थेट कड्यावर येऊन आपटतो.) रीफ आणि किनारा यांच्यामधलं उथळ, हिरवट-निळं पाणी म्हणजे लगून. रीफवर लाट फुटते, आत शांत, इथपर्यंत भाच्याचं बरोबर आहे. आता प्रश्न असा की लाट फुटते तेव्हा तिच्यातलं "ते सगळं" कुठे जातं?

शाळेत आपण शिकलो की लाटेत पाणी पुढे जात नाही, जागच्या जागी गोल फिरतं आणि फक्त ऊर्जा पुढे जाते. खोल समुद्रात हे बऱ्यापैकी खरं आहे. पण लाटेबरोबर ऊर्जेसोबत संवेगही जातो, आणि संवेग म्हणजे रेटा. लाट फुटली की ऊर्जा फेसात, आवाजात, उष्णतेत विरून जाते, पण संवेग असा विरत नाही, तो पाण्याला पुढे ढकलूनच संपतो. मायकल लाँग्वे-हिगिन्स आणि रॉबर्ट स्टुअर्ट या दोघांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला याचं गणित मांडलं आणि त्या रेट्याला रेडिएशन स्ट्रेस म्हणतात.

थोडा हिशोब करू, मला तो करायला फार आवडतो. दोन मीटर उंचीची लाट घ्या. तिची ऊर्जा पाण्याची घनता गुणिले गुरुत्वाकर्षण गुणिले उंचीचा वर्ग भागिले आठ, म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे ५००० जूल. उथळ पाण्यात रेटा याच्या दीडपट, म्हणजे रीफच्या प्रत्येक मीटर लांबीमागे सुमारे ७५०० न्यूटन, म्हणजे पाऊण टन वजनाइतका. लाट फुटत जाते तसा हा रेटा कमी होत जातो, आणि जेवढा कमी होतो तेवढा तोल सांभाळायला पाण्याची पातळी आतल्या बाजूला चढावी लागते. लाटेची उंची खोलीच्या ०.८ पट असताना ती फुटते असं धरलं, तर खोली जितकी कमी होते त्याच्या साधारण १९ टक्के पातळी वर चढते. दोन मीटरच्या लाटेला हे तीसेक सेंटीमीटरपर्यंत येतं. वीतभर, फार तर दीड वीत. समीकरण डोक्यावरून गेलं तरी चालेल, लक्षात एवढंच ठेवा की लाटा फुटत असताना रीफवरचं पाणी बाहेरच्या समुद्रापेक्षा वर उचललेलं असतं.

आता हे वर चढलेलं पाणी रीफवरून आत सांडतं, लाटेमागून लाट, दिवसरात्र. लगून भरत राहतं. परत रीफवरून बाहेर जायला वाट नाही, तिथे समोरून पुढची लाट रेटतेच आहे. मग ते शोधतं फट. रीफमध्ये जागोजागी अशा फटी असतात, बऱ्याचदा नदीच्या मुखासमोर, कारण गोडं पाणी आणि गाळ आला की प्रवाळ वाढत नाही. मॉरिशसमध्ये त्यांना पास म्हणतात. आपल्याकडे खारजमिनीच्या बांधाला उघाडी असते ना, आतलं पाणी वर असलं की त्या एका दारातून कसं धो धो निघतं, तसंच, फक्त हे दार कधीच बंद होत नाही.

समजा एक किलोमीटर लांब रीफवरून एक मीटर खोल पाणी सेकंदाला २० सेंटीमीटर अशा आळशी वेगाने आत येतंय. बघणाऱ्याला कळणारसुद्धा नाही. पण ते झालं सेकंदाला २०० घनमीटर. ते जर ५० मीटर रुंद आणि चार मीटर खोल पासमधून बाहेर पडणार असेल तर तिथे वेग झाला सेकंदाला एक मीटर, आणि साधा पोहणारा माणूस एवढ्या वेगाने फार वेळ पोहू शकत नाही. पाण्याचा पृष्ठभाग मात्र तिथे सपाट, गडद निळा, फेस नसलेला, म्हणजे नवख्याला सगळ्यात सुरक्षित वाटावी अशीच जागा.

हे नुसतं कागदावरचं नाही. १९४६ मध्ये प्रशांत महासागरातल्या बिकिनी अटॉलवर (अटॉल म्हणजे मधे लगून असलेलं कंकणाकृती प्रवाळबेट) अणुचाचण्यांच्या आधी शास्त्रज्ञांनी तिथल्या लगूनचं अभिसरण मोजलं तेव्हाही वाऱ्याकडच्या रीफवरून लाटा पाणी आत लोटताना दिसल्या होत्या.

कोकणातल्या माणसाची इथे हमखास गफलत होते. आपली सवय भरती-ओहोटीची, उधाण आहे की भांग आहे ते बघायचं, आणि मुंबईला उधाणाला पाणी साडेचार-पाच मीटर चढतं म्हणून ती सवय योग्यच आहे. मॉरिशसला भरती-ओहोटीतला फरक जेमतेम अर्धा मीटर. तिचा परिणाम अजिबात नसतो असं नाही, भरतीला रीफवर खोली वाढते आणि जास्त पाणी आत येतं, पण मुख्य पंप लाटांचा आहे. त्यामुळे नुसती तिथी बघून तिथलं पाणी ओळखता येणार नाही, आणि अमावस्येला समुद्र माणूस मागतो वगैरे जे बोललं जातं त्याने तर कुणाचाच जीव वाचत नाही. उधाण चंद्र-सूर्यामुळे येतं, त्याचं वेळापत्रक छापलेलं मिळतं, ते वाचावं.

आणि या लाटा तिथल्या वाऱ्याच्या असतीलच असंही नाही. हिवाळ्यात दक्षिण महासागरात वादळं होतात, त्यांचा लांब स्वेल, म्हणजे दूरवर तयार होऊन इथवर आलेल्या लाटा, नैऋत्येकडून येतो. १६ सेकंद अंतराने येणाऱ्या स्वेलची ऊर्जा खोल समुद्रात ताशी ४५ किलोमीटरने प्रवास करते, म्हणजे अडीच हजार किलोमीटरवरचं वादळ अडीच दिवसांच्या आत पोचतं. ल मोर्नला ऊन, वारा जेमतेम १५ नॉट, आणि वन आय नावाची तिथली प्रसिद्ध लाट गर्जतेय, असा दिवस म्हणूनच येतो, आणि त्या दिवशी पासमधला प्रवाह जोरात असतो. त्यात आणखी एक गोष्ट, प्रवाह वाऱ्याच्याच दिशेने वाहत असेल तर तुम्ही वाऱ्याबरोबर चाललेले असता, सेकंदाला एक मीटरचा प्रवाह म्हणजे साधारण दोन नॉट, तेवढे वजा होऊन काईटला १५ ऐवजी १३ नॉटच मिळतो आणि ओढ पाऊण पट उरते. नेमकी जिथे जोर हवा तिथेच.

ल मोर्नचा तो "समुद्राखालचा धबधबा" सगळ्यांनी पाहिलाय. पाताळाचं दार, समुद्र खाली कोसळतोय वगैरे मजकुरासकट तो व्हिडिओ फिरत असतो. तिथे काहीही कोसळत नाही. वाळू आणि गाळ प्रवाहाने उताराकडे वाहत गेलेत, त्यांचे पट्टे आणि उथळ-खोल पाण्याचे रंग मिळून वरून तसा भास होतो. (खरा समुद्राखालचा धबधबा ग्रीनलंड आणि आइसलंडच्या मध्ये आहे, तिथे थंड, जड पाणी हजारो मीटर खाली उतरतं, पण त्याचा असा फोटो काढता येत नाही.) मला या भासापेक्षा त्यामागची गोष्ट कितीतरी सुंदर वाटते, पाणी सतत बाहेर निघतंय आणि जाताना वाळूने आपला मार्ग काढून ठेवतंय.

तर भाच्याला मी सांगितलं ते असं. वाऱ्याच्या ॲपबरोबर स्वेलची उंची आणि कालावधी दोन्ही बघ, कारण दर सेकंदाला येऊन पोचणारी ऊर्जा उंचीच्या वर्गाने आणि कालावधीच्या (दोन लाटांमधल्या सेकंदांच्या) पटीत वाढते, दोन मीटर आठ सेकंद आणि दोन मीटर सोळा सेकंद यांत दुपटीचा फरक आहे. पहिला दिवस पाण्यात उतरूच नकोस, उपग्रहाच्या फोटोत गडद निळ्या फटी शोध, मग किनाऱ्यावर उभा राहून त्या ओळख. ५५६ मीटरचा ल मोर्नचा डोंगर आहे, त्याच्या आडोशाला वारा तुटक येतो, तिकडे जाऊ नकोस. बचाव बोट ठेवणाऱ्या शाळेबरोबरच जा. प्रवाहात सापडलास तर त्याच्याशी समोरासमोर झुंजू नकोस, आडवा निघायचा प्रयत्न कर आणि काईट सोडू नकोस, कारण त्याची हवा भरलेली कड तरंगते. फ्रान्समधल्या ब्रुनो आणि दोमिनिक लेगेन्यू या भावांनी १९८४ मध्ये पेटंट घेतलं ते हवा भरून फुगवायच्या अशाच पतंगाचं, पाण्यात पडला तरी पुन्हा उडवता यावा म्हणून.

तारखा त्याने आता गणपतीच्या धरल्यात. मॉरिशसला गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी असते, तिथले मराठी लोक पिढ्यान्‌पिढ्या गणपती बसवतायत आणि वाऱ्याचा हंगामही तोपर्यंत टिकलेला असतो. काल रात्री त्याचा फोन आला, ल मोर्नच्या फोटोत त्याला तीन फटी सापडल्यात आणि चौथी फट आहे की नुसती ढगाची सावली यावर आम्ही अर्धा तास बोलत होतो.