वल्हं हातात, जोर पायात

"पाणी नाई, डोंगा नाई, अन् हे वल्हवून रायले!" घरात रोइंग मशीन आलं की विदर्भातल्या खेड्यात पहिला शेरा साधारण असाच पडतो. भंडारा-गोंदियाचे तलाव आणि वैनगंगेचा काठ सोडला, तर आपल्याकडे वल्हं कोणाच्या हातात असतं? पण चांदवड तालुक्यातल्या दुष्काळी तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळही वल्हवायला शिकला तो सैन्यात गेल्यावरच. पुढे २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तो एकेरी नौकानयनात तेरावा आला.

तलावातल्या डोंग्यात माणूस एका जागी राहतो आणि हात-पाठ वापरतो. शर्यतीच्या नौकेत बसायची पाटी चाकांवर पुढे-मागे सरकते. मशीनमध्येही तेच, फक्त वल्ह्याच्या जागी ओढायची मूठ. पाय पट्ट्यात अडकवायचे, गुडघे दुमडून पुढे यायचं आणि पायांनी रेटा देत मागे जायचं. निम्म्याहून जास्त जोर मांड्या आणि नितंबांतून येतो. आधी पाय, मग कंबर, शेवटी हात. परतताना उलट: हात, कंबर, पाय. नवशिका माणूस हातानेच ओढायला लागतो, पाठीची कमान करतो आणि चार दिवसांनी कंबर धरून बसतो. निंदणात दिवसभर वाकलेल्या बाईने तर पाठ सरळ ठेवायला आधी शिकावं, वेगाचं नंतर बघावं. पळताना गुडघ्याला बसतो तसा दणका इथे नसतो, मात्र गुडघा खूप दुमडतो. तो दुखत असेल तर पूर्ण पुढे यायचं नाही. मणक्याचा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्याने डॉक्टरला विचारल्याशिवाय बसूच नये.

आज सगळ्यात जास्त दिसणारं हवेचं मशीन अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये १९८१ साली ड्रायसिगॅकर बंधूंनी बनवलं. दोघेही नौकानयनपटू. त्यांनी कोठारात सायकल जमिनीला ठोकली, साखळीचं मोकळं टोक ओढलं आणि चाक फिरवलं. त्यातूनच 'कन्सेप्ट टू' कंपनीचं मशीन आलं. आत पात्यांचं एक चाक असतं, आपण ओढलं की ते हवा कापत फिरतं. गंमत अशी की चाकाचा वेग दुप्पट करायचा तर शक्ती आठपट लागते, म्हणजे वेगाच्या घनाच्या प्रमाणात. मशीनच्या छोट्या पडद्यावर ५०० मीटरला लागणारा वेळ ३ मिनिटं दिसत असेल तर तुम्ही ६० वॅट देताय. अडीच मिनिटांना सुमारे १०४ आणि २ मिनिटांना सुमारे २०३ वॅट! म्हणून वजन कोणी घालून द्यावं लागत नाही. आजी हळू ओढेल तर तिच्यापुरतं हलकं, नातू झटका देईल तर त्याच्यापुरतं जड.

बाजूची १ ते १० आकड्यांची खिट्टी म्हणजे व्यायामाची पातळी नव्हे. ती फक्त आत किती हवा जाते ते ठरवते. १० वर नेऊन मर्दुमकी दाखवण्यापेक्षा ३ ते ५ वर ठेवावी. या मशीनला वीजही लागत नाही, पडदा सेलवर चालतो, त्यामुळे भारनियमनाचं दुखणं नाही. स्वस्त मशीनमध्ये तेलाचे पंप असतात. ओढता ओढता तेल तापून पातळ होतं आणि जोर ढिला पडतो. वैशाखात तर विचारूच नका.

आता वजनाचं. पडद्यावरच्या कॅलरीवर लोक फार विश्वास टाकतात. कन्सेप्ट टूचं गणित ७९ किलोच्या माणसाचं आहे. ६० वॅटने अर्धा तास वल्हवलं की पडद्यावर सुमारे २५० किलोकॅलरी दिसतात. ५५ किलोच्या बाईच्या खर्ची मात्र साधारण २०५ पडतात, आणि त्यातल्या २५-३० तर नुसतं बसूनही गेल्या असत्या. आठवड्यात पाच दिवस केलं तर जमा झाल्या ९०० च्या आसपास. एक किलो चरबीत अंदाजे ७,७०० किलोकॅलरी असतात. म्हणजे जेवण तेच राहिलं तर एक किलोला दोन महिने.

दुसरीकडे, भाजीवरची तर्री कमी करून रोज एक मोठा चमचा तेल वाचवलं, तर आठवड्याला सुमारे ८४० किलोकॅलरी वाचतात. पाच दिवसांच्या घामाएवढ्याच! म्हणून नुसतं वजन घटवायला कोणी मशीन घेत असेल तर मी त्याला आधी तेलाची बरणी दाखवीन.

तरीही मशीन कामाचं आहे. नुसतं खाणं कमी केलं की चरबीबरोबर स्नायूही झिजतात. स्नायू वापरात राहिले तर ती झीज कमी होते. शिवाय काम करणारा स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो, आणि मांड्यांचे स्नायू शरीरात सगळ्यात मोठे. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) पाहणीत देशात १०.१ कोटी मधुमेही असल्याचा अंदाज होता. आता खेड्यातही ट्रॅक्टर, तणनाशक आणि मोटारसायकल आली. निंदण-वेचणीचे महिने सोडले तर बायकांचेही हातपाय पूर्वीएवढे हलत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, तो पाच अर्ध्या तासांत होतो. मध्यम म्हणजे बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये.

उन्हाळ्यात पारा ४५ वर असताना पहाटेच बसावं. कोरड्या हवेत घाम लवकर उडतो, तेव्हा कूलरचा उपयोग होतो. पावसाळ्यात तोच कूलर खोलीत दमटपणा वाढवतो आणि घाम अंगावरच राहतो. तेव्हा साधा पंखा बरा.

मशीनला आठेक फूट जागा लागते, आणि आपल्याकडे ती रिकामी खोली म्हणजे भाव वाढण्याची वाट पाहत कापूस भरून ठेवलेलीच असते. तिथे मशीन ठेवू नका. पात्यांचं चाक हवा ओढतं, तिच्याबरोबर रुईचे तंतू जाळीत अडकतात, हवा कमी शिरते आणि तीच खिट्टी हलकी लागायला लागते. ओसरीत ठेवा, आणि अधूनमधून जाळी उघडून झाडून घ्या.