घेवडा: शेंगा मोजण्यापासून शेंग तोलण्यापर्यंत

कोरेगावचा वाघ्या घेवडा, वाण्याकडचा राजमा आणि भाजीचा श्रावणघेवडा ही एकाच प्रजातीची भावंडं. मूळ घर अमेरिका खंड. मेक्सिकोकडे आणि दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात तो स्वतंत्रपणे माणसाळला. रानटी घेवडा म्हणजे झुडपांवर चढणारा वेल. दाणा बारीक, आणि शेंग वाळली की पीळ बसून तडकते, दाणे उडून जातात. न तडकणारी शेंग आणि टपोरा दाणा ही निवड शेतकऱ्यांनीच केली. नवे वाण घडवणारे पैदासकार फार नंतर आले.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात पांढऱ्या घेवड्याचे वेल जमिनीवर लोळत. काढणीच्या तोंडावर पाऊस आला की शेंगा मातीला टेकून डागाळायच्या. बियांवर क्ष-किरण सोडण्याच्या प्रयोगातून तिथे झुडुपी रोप हाती लागलं. त्यातून पुढे १९५६ साली ‘सॅनिलॅक’ हा वाण आला.

उत्पन्नाचा हिशेब तसा सोपा वाटतो: झाडावरच्या शेंगा, शेंगेतले दाणे, दाण्याचं वजन. मग शेंगा वाढवल्या की झालं! मिशिगन स्टेट विद्यापीठाचे वेन अ‍ॅडम्स यांनी १९६७ साली दाखवलं की असं होत नाही. शेंगा वाढल्या की दाणे कमी भरतात किंवा बारीक राहतात. झाड एका हाताने देतं, दुसऱ्या हाताने काढून घेतं. म्हणून त्यांनी झाडाच्या ठेवणीकडे मोर्चा वळवला: जाड खोड, फांद्या मोजक्या आणि उभ्या, शेंगा जमिनीपासून वर. असा ताठपणा उष्ण प्रदेशातल्या बारीक काळ्या घेवड्यात होताच.

कोलंबियातल्या ‘सियाट’ या उष्ण प्रदेशातल्या शेतीवरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्रात दुष्काळावर काम करताना आणखी एक गुण पुढे आला. मला तो सगळ्यात पटतो, कारण तो घरीही पाहता येतो. वाळलेली शेंग सोला, दाणे आणि टरफल वेगळं तोला. शेंगेच्या एकूण वजनात दाण्यांचा वाटा किती? पाण्याचा ताण पडला की काही वाण पाला हिरवागार ठेवतात, पण टरफलातलं अन्न दाण्यात उतरवत नाहीत. असं झाड दिसायला देखणं, मळणीला फसवं.

बुटकं, ताठ झाडच सगळीकडे चांगलं, असंही नाही. रवांडात शेतं चिमुकली. तिथे १९८०च्या दशकात सुधारित वेलघेवडे पसरले, कारण वेल वर चढतो आणि तेवढ्याच जागेत झुडुपी वाणाच्या कितीतरी पट पिकतो. अडचण एकच: वेल चढवायला इतक्या काठ्या आणायच्या कुठून?