मनी प्लांट आणि ‘हिरवा मनी प्लांट’: बाथरूममध्ये कोणता लावायचा?

मागच्या पावसाळ्यात नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका नर्सरीतून बाथरूमसाठी दोन कुंड्या आणल्या. एकीतल्या पानांवर पिवळे शिंतोडे, दुसरीतली पानं नुसती हिरवीगार, बदामाच्या आकाराची. “दादा, दोन्ही एकच का?” “एकच हो ताई. हा गोल्डन मनी प्लांट, तो हिरवा मनी प्लांट.” भावही सारखाच होता, म्हणून मी फार खोलात गेले नाही.

महिनाभरात हिरव्या वेलीखाली, गिझरच्या नळावर आणि साबणाच्या तबकडीत, तपकिरी कागदासारखे पापुद्रे पडायला लागले. कांद्याच्या सालीचे बारीक तुकडे पडावेत तसे. वेलीला रोग लागला असं धरून मी पंधरा दिवस कडुनिंबाचं तेल फवारलं. बाथरूमला तो कडवट वास, घरच्यांची कुरकुर, आणि पापुद्रे पडतच होते. शेवटी एका सकाळी चष्मा लावून शेंडा नीट पाहिला. नवं पान एका फिकट, टोकदार खोळीतून बाहेर येत होतं. मागची खोळ वाळून तपकिरी झाली होती आणि बोट लावताच गळून पडली. रोग नव्हताच. तो ‘हिरवा मनी प्लांट’ म्हणजे फिलोडेंड्रॉन, आणि पान जन्माला घालायची त्याची रीतच तशी आहे.

दोघांना ओळखायची सगळ्यात खात्रीची खूण हीच. मनी प्लांटला अशी सुटी खोळ नसते. त्याचं नवं पान आधीच्या पानाच्या देठाच्या कुशीतून सुरळी होऊन निघतं आणि उलगडतं, मागे कचरा राहत नाही. शेंडा वाढत नसेल तर देठावर नख फिरवा. मनी प्लांटच्या देठाला वरच्या बाजूनं पन्हळीसारखी खाच असते, फिलोडेंड्रॉनचा देठ जवळजवळ गोल. पान चिमटीत धरलं तर मनी प्लांटचं जाडसर, मेण चोळल्यासारखं आणि थोडं उंचसखल लागतं. फिलोडेंड्रॉनचं पातळ आणि मऊ, कोवळं असताना तांबूस झाक असलेलं. देठाजवळचा बदामाचा खळगाही फिलोडेंड्रॉनमध्ये खोल आणि दोन्हीकडे सारखा असतो. मनी प्लांटचं पान बरेचदा एका अंगाला कललेलं. पेरापाशी, म्हणजे देठ वेलीला मिळतो त्या गाठीपाशी, पाहिलंत तर मनी प्लांटला एखादंच आखूड, जाड मूळ बाहेर आलेलं दिसेल, फिलोडेंड्रॉनला बारीक मुळांचा झुपका.

रंगावर मात्र जाऊ नका. पोपटी पानांचा मनी प्लांट मिळतो तसा पोपटी फिलोडेंड्रॉनही मिळतो, आणि पिवळे पट्टे दोघांतही असतात. चंदेरी ठिपक्यांचा जो ‘सॅटिन पोथॉस’ म्हणून विकतात तो या दोघांपेक्षाही वेगळा, पण त्यात आज शिरत नाही.

दिसायला इतके सारखे, तरी माहेरं दोन टोकांना. मनी प्लांट प्रशांत महासागरातल्या मोरेआ नावाच्या छोट्या बेटावरचा. फिलोडेंड्रॉन मेक्सिको, कॅरिबियन बेटं आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण जंगलांतला. त्याच्या ग्रीक नावाचा अर्थच झाडावर प्रेम करणारा, कारण तो झाडांना बिलगून चढतो. नावाच्या घोळात शास्त्रज्ञही मागे नाहीत. मनी प्लांटला १८८० मध्ये ‘पोथॉस’ ठरवलं, मग आणखी एकदोनदा नाव बदललं आणि १९६४ मध्ये ‘एपिप्रेम्नम ऑरियम’ हे आजचं नाव मिळालं. या वेलीला फूल जवळपास येतच नाही, त्यामुळे तिला कुठल्या खान्यात बसवायचं हेच कळत नव्हतं. तेव्हा नर्सरीवाल्या दादांना मी माफ करून टाकलं.

दोघंही अळूच्या कुळातले, सुरणाचे भाऊबंद. अळू नीट शिजलं नाही की घशाला जी खाज सुटते, ती ज्या सुईसारख्या ऑक्झलेटच्या स्फटिकांमुळे, तेच स्फटिक या दोन्ही वेलींत आहेत. अळूला आपण चिंच लावतो आणि शिजवतो. ही पानं मात्र रांगत्या बाळाच्या किंवा मांजराच्या तोंडी जाता कामा नयेत. छाटल्यावर हात धुवा, तेच हात डोळ्यांना लावू नका.

आता बाथरूमकडे वळू. ‘बाथरूम दमट असतं, म्हणून तिथे जंगलातली झाडं छान येतात’ हे वाक्य सगळीकडे वाचायला मिळतं. नाशिकात ते अर्ध्या वर्षापुरतंच खरं. आपल्याकडे बादली-मगाची आंघोळ, गिझरची वाफ वीस मिनिटं टिकते, मग एक्झॉस्ट पंखा ती ओढून नेतो. जुलै-ऑगस्टमध्ये टॉवेल दोन दिवस वाळत नाही, तेव्हा दोन्ही वेली खूश. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, हवा कोरडी ठाक होते, आणि नऊला शेवटची आंघोळ झालेल्या बाथरूमची फरशी साडेदहाला पायाला कोरडी लागते. त्या दिवसांत माझ्या फिलोडेंड्रॉनच्या पातळ पानांच्या कडा आधी करपल्या. मनी प्लांटच्या जाड पानांनी पंधरा दिवस काही दाखवलं नाही.

उजेडाचा हिशेब याच्या उलटा. माझ्या बाथरूमची खिडकी उत्तरेला, काचेच्या पट्ट्यांची. तिच्यापासून पाच-सहा फुटांवर, दारामागच्या कोपऱ्यात मनी प्लांटचे पिवळे शिंतोडे दोन महिन्यांत नाहीसे झाले. उजेड कमी पडला की नव्या पानांत हिरवं वाढतं, पिवळं आटतं. वेल मेली नाही, पण ज्या रंगासाठी आणली तो गेला. फिलोडेंड्रॉनला गमवायला रंगच नव्हता. त्याच कोपऱ्यात तो पानं थोडी लहान करून का होईना, तजेलदार राहिला. म्हणून माझा कौल असा: खिडकीला लागून जागा असेल आणि पाणी घालायचा विसर पडणारं घर असेल तर मनी प्लांट, अंधुक कोपरा आणि रोज लक्ष देणारं कुणीतरी असेल तर फिलोडेंड्रॉन. खिडकीच नसलेल्या बाथरूममध्ये दोन्ही नकोत. आंघोळीपुरता लागणारा दिवा झाडाच्या कामाचा नाही. हौस असेलच तर एलईडी दिवा रोज दहा-बारा तास लावा, नाहीतर दोन कुंड्या करून आठवड्याला एक आत, एक बाहेर अशी अदलाबदल करा. उजेड पुरेसा आहे का, हे पाहायची माझी साधी परीक्षा आहे: सकाळी अकराला दिवा न लावता पेपरातल्या छोट्या जाहिराती वाचता यायला हव्यात.

दमट हवा आणि ओली माती या दोन गोष्टींचीही गल्लत होते, आणि या वेली मरतात त्या बहुतेक त्यामुळेच. त्यांना हवा दमट आवडते, पण मुळाशी चिखल चालत नाही. बोटाची दोन पेरं माती कोरडी लागली की पाणी, त्याआधी नाही. पावसाळ्यात हे दहा दिवसांनी होईल, मेमध्ये तीनच दिवसांनी. शेतातली काळी माती कुंडीत भरू नका. भिजली की चिकटते, वाळली की भेगाळते. कोकोपीट, शेणखत किंवा गांडूळखत आणि थोडी जाड वाळू घेतली तर पाणी खाली उतरतं. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग पानांवर बसतात, ते ओल्या फडक्यानं पुसून काढा. आणि टॉयलेट साफ करायच्या ॲसिडचे शिंतोडे उडतील अशा उंचीवर कुंडी ठेवूच नका. माझ्या मनी प्लांटच्या तीन पानांना अशी भोकं पडली आहेत, जाळल्यासारखी.

थंडीची गोष्ट नाशिककरांनी जरा मनावर घ्यावी. जवळच्या निफाडचा पारा बातम्यांत झळकतो, पण शहरातही डिसेंबर-जानेवारीच्या रात्री दहा अंशांखाली जातात. दोन्ही वेली उष्ण प्रदेशातल्या. बारा-तेरा अंशांखाली त्या वाढ थांबवतात आणि गार वारा थेट लागला तर पानांवर काळपट, भिजल्यासारखे डाग उमटतात. रात्री खिडकीच्या पट्ट्या बंद करा, एखादी पट्टी तुटलेली असेल तर तिथे पुठ्ठा लावा.

बाटलीतल्या पाण्यात दोघंही वाढतात, आणि बाथरूमच्या फळीवर काचेची बाटली दिसतेही छान. पण डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक वार ठरवा, त्या दिवशी पाणी ओता, बाटली आतून घासा, नवं पाणी भरा. अंडी काचेला चिकटून बसतात, नुसतं पाणी बदलून भागत नाही.

नवी वेल करायची तर द्राक्षबागेत जाऊन आलेल्या कुणालाही शिकवावं लागणार नाही. काडीवर डोळा असेल तरच फूट येते. इथेही पेर घेतल्याशिवाय कापू नका. नुसतं पान देठासकट पाण्यात ठेवलं तर त्याला मुळं फुटतीलही, पण वेल कधीच होणार नाही. दोन-तीन पेरांचा तुकडा घ्या, खालचं पान काढा, ते पेर पाण्यात बुडवा. उन्हाळा-पावसाळ्यात दोन-तीन आठवड्यांत मुळं दिसतात, थंडीत वाट पाहावी लागते.

शेजारच्या काकूंचं म्हणणं, मनी प्लांट चोरूनच आणावा लागतो, विकतचा लाभत नाही. परवा त्यांनीच माझ्या बाथरूममधून, मला न सांगता, दोन पेरांची एक काडी नेली. ती फिलोडेंड्रॉनची आहे, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.